एमएस की दुसरं काही?
पाय बधिर, एका डोळ्याला अंधूक, चालताना तोल जातो. रोह्याजवळच्या वरसेहून मुंबई गाठणाऱ्या रुग्णाला पहिल्याच भेटीत ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ (एमएस) हे निदान मिळेलच असं नाही. घाईनं मिळूही नये.

हा आजार ठरवणारी एकच रक्तचाचणी नाही. २००१चे आणि नंतर सुधारलेले मॅकडोनाल्ड निकष एमआरआय, पाठीतल्या पाण्याची तपासणी आणि लक्षणं कधी आली, कधी ओसरली यांवर उभे आहेत. बी-१२ची कमतरता किंवा ‘एनएमओ’ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा आजारही असाच दिसू शकतो. एनएमओसाठीच्या अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडांच्या चाचणीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं. एमएसच्या काही औषधांनी एनएमओ बळावू शकतो.

नव्याशी तुलना करता यावी म्हणून जुने एमआरआय फेकू नयेत.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. रुग्णांसाठी एमएस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काम करते.