ठोके जुळतात, पण कशाने?

धंतोलीत एकेका गल्लीत चार-चार हॉस्पिटले. तिथल्या ऑपरेशन थिएटरांत राबणाऱ्या सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी यांत आपल्या वस्त्यांतली माणसे पुष्कळ आहेत. ‘आज केसेस कमीच होत्या, पण सर तापलेले होते, अंग मोडून आलं,’ असे त्यांतले कोणी म्हणाले तर ती कुरकुर समजू नये. सोबत काम करणाऱ्यांची शरीरे एकमेकांचा ताण उचलतात.

2013 साली स्वीडनमधील संशोधकांनी समूहगान करणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाताना सगळ्यांचे ठोके सोबतच वाढत आणि सोबतच मंदावत होते. कारण साधे आहे. ओळ संपली की सगळे एकदम श्वास घेतात; श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना मंदावतात. विहारात एका सुरात वंदना घेतानाही असेच होत असावे.

मात्र ठोके जुळले म्हणजे मने जुळली, असे नाही. स्पेनमधील एका गावात निखाऱ्यांवरून चालण्याची प्रथा आहे. चालणाऱ्याबरोबर काठावरच्या नातलगांचेही ठोके चढउतार करत होते, अनोळखी प्रेक्षकांचे नाही, असे 2011 च्या अभ्यासात दिसले. म्हणजे धास्तीही जुळवते. थिएटरात सर्जन ओरडले की सगळ्यांचीच छाती धडधडते. ओरडणारा मोकळा होतो, मावशी ते घरी घेऊन जाते.

आणि धास्तावलेला माणूस बोलत नाही. अमेरिकेतील एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलांतील औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या चमूंत चुकांची नोंद जास्त निघाली! तिथे चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून. ‘ती मुळातच बुजरी आहे’ हे उत्तर मला पटत नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती पिढ्यान्‌पिढ्या माणसाला गप्प बसवते. मग आपण त्याला स्वभाव म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासयादी काढली. चीर देण्यापूर्वी चमूतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगितले आहे ना, हे पाहणे हा त्यातला एक मुद्दा. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. श्रेय अर्थात सगळ्या यादीचे आहे.

तुमच्या थिएटरात या यादीवर नुसत्या खुणा होतात, की वॉर्डबॉयचेही नाव विचारले जाते? तिथे काम करणाऱ्या बंधू-भगिनींनी या पानासाठी जरूर लिहावे.