पाण्याचा ताळेबंद मांडणारे गाव

आपल्या घरांत दिवाळीचे लक्ष्मीपूजन म्हणजे वहीपूजन. संगणक आले, लाल चोपड्या कपाटात गेल्या, तरी त्या संध्याकाळी एक तरी कोरी वही पाटावर मांडली जाते. गेल्या वर्षी काय आले, काय गेले, उधारी किती अडकली आणि मुद्दल शाबूत आहे ना, हा हिशेब मनातल्या मनात प्रत्येक गृहस्थ करीत असतोच. साधारण याच सुमारास, पाऊस सरल्यावर, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील एक लहानसे गावही आपला ताळेबंद मांडते. तो पैशाचा नव्हे, पाण्याचा असतो. गावाचे नाव हिवरे बाजार.

हिवरे बाजारचे शिवार सुमारे ९७६ हेक्टरांचे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. म्हणजे वर्षात ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर गावाच्या खाती सुमारे ३९० कोटी लिटर पाणी जमा. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण यातले बरेचसे उन्हाने उडून जाते, काही ओढ्याने वाहून जाते, काही मातीत मुरते आणि उरलेले विहिरींपर्यंत पोहोचते. ग्रामसभेत हा हिशेब सर्वांसमोर वाचला जातो. प्रथम माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, पुढील वर्षासाठी काही भाग राखून ठेवायचा, आणि मग उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. पाऊस बरा झाला तर रब्बीला गहू; कमी झाला तर ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचे आणि उन्हाळी पिकाचे नाव काढायचे नाही. ऊस आणि केळी तर गावाने मुळातच वर्ज्य केली आहेत. शेतीसाठी कूपनलिका खोदायलाही बंदी आहे.

मुद्दलाला हात न लावता केवळ व्याजावर संसार चालवावा, हे आपल्या वाडवडिलांनी आपल्याला शिकवले. जमिनीखालचे पाणी हेच आपले मुद्दल, हे ज्या गावाला कळले त्या गावाची गरिबी कशी हटली, याची कथा व्यापारी घरातील माणसाला समजायला अवघड नाही. अवघड आहे तो दुसरा प्रश्न: हे कळले तरी सर्वांनी पाळावे कसे?

१९७२ च्या दुष्काळाने हे गाव मोडले होते. एकेकाळी पैलवानांसाठी नावाजलेल्या या गावात पुढील दीड तपात दारूच्या भट्ट्या वाढल्या, डोंगर उघडेबोडके झाले आणि विहिरी आटल्या. कर्ती माणसे मजुरीसाठी मुंबई-पुण्याची वाट धरू लागली. सरकारी नोकरांना या गावी बदली म्हणजे शिक्षा वाटे. १९८९ च्या सुमारास गावातील तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंच होण्याचा आग्रह केला. ते वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर. घरच्यांना त्यांनी शहरात नोकरी करावी असे वाटत होते, आणि त्या काळी तसे वाटण्यात काही गैरही नव्हते. पोपटरावांनी सरपंचपद पत्करले.

पुढे जे झाले त्यातील एक बाब मला विशेष महत्त्वाची वाटते. आरंभ बंधाऱ्यांपासून झाला नाही. शाळा आणि दारू हे दोन प्रश्न आधी हाती घेतले गेले. गावातील २२ दारूभट्ट्या बंद झाल्या. मात्र भट्टी बंद करणाऱ्याने उद्या खायचे काय, याचे उत्तर त्याच्या हाती न देता ती बंद केली असती, तर चार महिन्यांत ती रानात पुन्हा पेटली असती. म्हणून ग्रामसभेने राष्ट्रीयीकृत बँकेशी बोलणी केली आणि गरीब कुटुंबांना कर्जे मिळवून दिली. त्यांत पूर्वी दारू गाळणारेही होते. व्यसनमुक्तीच्या सभा आपण पुष्कळ पाहतो. व्यसनाच्या धंद्यातून बाहेर पडणाऱ्याला भांडवल देणारी सभा मात्र क्वचितच दिसते.

शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. तेथे १९७५ पासून अण्णा हजारे यांनी पाणलोटाचे काम उभे केले होते. त्या अनुभवातून राज्य शासनाची आदर्श गाव योजना आली आणि हिवरे बाजार तिच्यात सामील झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही त्या योजनेची पंचसूत्री. यांतील चराईबंदी ऐकायला सोपी आणि पाळायला सर्वांत कठीण. ज्याच्याजवळ जमीन आहे तो बांधावरचे गवत वापरील. पण ज्याची सारी मालमत्ता म्हणजे चार शेळ्या, त्याने डोंगर बंद झाल्यावर जायचे कोठे? येथे गावाने डोंगर मोकाट चराईसाठी बंद केला, पण वाढलेले गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. गवत वाढले तसा शेळीच्या जागी गोठ्यात गाय-म्हैस आली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर गावातून दिवसाला सुमारे दीडशे लिटर दूध बाहेर जात असे. पुढे ते चार हजार लिटरच्या घरात गेले. दुधाचा पैसा दर आठवड्याला हाती येतो. पिकाच्या पैशाची वाट सहा महिने पाहावी लागते, आणि गरिबाचे कर्ज नेमके त्या सहा महिन्यांतच वाढत असते.

डोंगरावर समतल चर खणले गेले, नाले अडवले गेले, झाडे लावली गेली. खर्च मुख्यतः रोजगार हमी योजनेतून आणि आदर्श गाव योजनेतून झाला. वनखात्याची जमीन, भूजल यंत्रणेचे मोजमाप, शासनाचा निधी आणि गावाचे श्रम असे चौघांचे भांडवल त्यात होते. पण काय खणायचे आणि कोठे, हे ठरवण्याची जागा एकच होती, ग्रामसभा. पूर्वी ज्या विहिरींना ऐंशी ते सव्वाशे फुटांवर पाणी लागे, तेथे ते पंधरा ते चाळीस फुटांवर आले. १९९५ मध्ये गावातील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० च्या सुमारास ती संख्या तीनवर आली. शहरांत गेलेली कुटुंबे परतली. २०२० मध्ये पोपटराव पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

हे आकडे अनेकांनी अनेकदा छापले आहेत, आणि ते वाचून बसगाड्या भरून माणसे हिवरे बाजार पाहायला जातात. परतताना बहुतेकांच्या डोक्यात बंधारे असतात. मला खंत वाटते ती याची.

कारण आमच्या मंडळानेही एकदा तेच केले. नाव घेत नाही. गाव आमच्या बाजारपेठेपासून तासाभराच्या अंतरावर आहे. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही काही व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून तेथे पाणी शुद्धीकरणाचे यंत्र बसवले. उद्घाटन झाले, सत्कार झाले, दात्यांची नावे कोरलेली संगमरवरी फरशी बसली. दोन वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने मी त्या रस्त्याने गेलो, तेव्हा खोलीला कुलूप होते. किल्ली कोणाकडे आहे हे सांगणारा माणूस शोधायला अर्धा तास लागला. जाळी बदलायची होती. तिचा खर्च एखाद्या दुकानदाराच्या दिवसाच्या गल्ल्याहूनही कमी. ती कोणी बदलावी, हे मात्र कधी ठरलेच नव्हते. सरपंच बदलले होते. एका वृद्ध बाईंनी मला विचारले, “शेठ, तुमचं मशीन तुम्ही परत नेणार का?” त्या ‘तुमचं’ शब्दाने मी ओशाळलो. दोन वर्षे ते गावात होते, तरी गावाचे झालेच नव्हते. फरशीवरची नावे मात्र अगदी स्वच्छ होती.

दोष गावाचा होता असे मी तेव्हा म्हणालो होतो. आता म्हणत नाही. आम्ही गावाला एकही प्रश्न विचारला नव्हता. कोणत्याही पेढीत आपण भागीदारी करतो, तेव्हा प्रत्येकाचे भांडवल किती, कष्ट कोणाचे, वही कोण लिहिणार आणि तोटा आला तर कोणी सोसायचा, हे आधी कागदावर येते. दान देताना ही व्यापारी शिस्त आपण घरी का ठेवून येतो, कळत नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्या समाजातच आहे. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेचे शैक्षणिक काम आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बाराशे मुलांना पुण्याजवळील वाघोलीत आणून शिकवण्याचे काम या संघटनेने केले. तिच्या जलसंधारणाच्या कामाकडे मात्र भागीदारीचा नमुना म्हणून पाहण्यासारखे आहे. २०१८ मध्ये पानी फाउंडेशनच्या जलस्पर्धेतील गावांना संघटनेने खोदाईची यंत्रे पुरवली. पण ती सरसकट नव्हे. ज्या गावाने आधी ठरलेले श्रमदान केले त्यालाच यंत्र. त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यात प्रशासनाच्या बरोबरीने शंभराहून अधिक यंत्रे उतरवून तलावांतील गाळ काढण्याचे काम सुरू झाले. राज्य शासनाच्या २०१७ च्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेची रचनाही अशीच होती: यंत्र संस्थेचे, इंधन शासनाचे, आणि गाळ शेतात वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा.

शेतकऱ्याने खर्च का करावा, दुष्काळात त्याच्याकडे पैसा कोठून, असा आक्षेप मीही घेतला होता. उत्तर गाळातच आहे. जो शेतकरी ट्रॅक्टरचे भाडे भरून गाळ नेतो, तो किती खेपा झाल्या हे मोजतो. तलावाचा काठ फुटेल इतके कोणी खोदू लागले, तर तोच अडवतो. हिशेब ठेवणारा माणूस गावातच तयार होतो, आणि त्यासाठी संस्थेला पर्यवेक्षक नेमावा लागत नाही. अर्थात यातही एक पंगुपणा आहे. ज्याला शेतच नाही त्याला गाळाचा उपयोग काय? या योजनांचा लाभ जमीनधारकाकडे झुकतो हे मान्य केले पाहिजे. हिवरे बाजारने गवत आणि दूध यांतून ती बाजू काही अंशी सावरली. सर्व गावांना ते साधलेले नाही.

आणखी एक अडचणीची गोष्ट. हिवरे बाजारमध्ये तीस वर्षे ग्रामपंचायतीच्या निवडणुका बिनविरोध होत असत आणि सर्वत्र त्याचे कौतुक होई. २०२१ च्या जानेवारीत मात्र विरोधी उमेदवार उभे राहिले आणि मतदान झाले. पोपटरावांच्या गटाने सातही जागा जिंकल्या. वृत्तपत्रांनी ‘परंपरा खंडित’ म्हणून हळहळ व्यक्त केली. मला त्यात हळहळण्यासारखे काही दिसले नाही. ज्या गावात नियम इतके कडक, तेथे नियमांविषयी नापसंती दाखवण्याची वाटही असली पाहिजे. ती मतपेटीतून गेली हे उत्तमच. तीस वर्षांनंतर त्याच नेतृत्वाला मत मागावे लागले आणि ते मिळाले, हे बिनविरोध निवडीपेक्षा मोठे प्रमाणपत्र आहे.

या भूमीशी आपल्या व्यापारी घराण्यांचे जुने नातेही आठवते, आणि ते सर्वस्वी सुखाचे नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरला होता. रोख होता तो प्रामुख्याने मारवाडी आणि गुजराती सावकारांवर. लोकांनी कर्जखते हिसकावून जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. दुष्काळात गाव आणि दुकान यांच्यामध्ये एकच वही होती, आणि त्या वहीत गावाची बाजू कायम नावेची होती. आज त्याच पट्ट्यात एक गाव आपली वही स्वतः लिहिते, सर्वांदेखत वाचते, आणि यंदा गहू नको म्हणून ठराव करते. आपल्या पूर्वजांना हे दृश्य पाहायला मिळाले असते, तर त्यांतील शहाण्यांना आनंदच झाला असता. ज्याचे घर सावरले तोच ग्राहक टिकतो, हे त्यांना कळत होते.

आमच्या त्या कुलूपबंद खोलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही चौघे त्या गावच्या ग्रामसभेला गेलो. भाषण करायचे नाही, असे आधीच ठरवले होते. तास-दीड तास रस्ता, रेशन आणि स्मशानभूमीच्या शेडवर वाद झाले. शेवटी महिला बचत गटाच्या अध्यक्षा उठल्या आणि म्हणाल्या की यंत्र आम्ही चालवू, घागरीमागे दोन रुपये घेऊ, जाळीचे पैसे त्यातून काढू. मात्र खोलीची किल्ली आमच्याकडे असेल आणि हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. कोणीतरी विचारले, दात्यांना काय द्यायचे? त्यांनी आमच्याकडे पाहिले. आमच्यातले ज्येष्ठ म्हणाले, “ताई, ती फरशी तेवढी काढून टाका.” फरशी अजून काढलेली नाही, गवंडी मिळत नाही म्हणतात. जाळी मात्र बदलली आहे, आणि मागच्या महिन्याचा हिशेब फलकावर लागला आहे. सारा खर्च वजा जाता शिल्लक रुपये ३४०.