पेशीअंगकांच्या विलगीकरणासाठी घनता-प्रवणता द्रावणे : तत्त्व, तयारी आणि पडताळणी

प्रस्तावना :
पेशीतील तंतुकणिका, लयकारिका, हरितलवके इत्यादी अंगकांचे स्वतंत्रपणे अध्ययन करावयाचे झाल्यास ती प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळी करावी लागतात. या क्षेत्रातील मूलभूत कार्याबद्दल आल्बेर क्लोद, क्रिस्तियाँ द दुव्ह आणि जॉर्ज पलादे यांना 1974 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पदवी व पदव्युत्तर अध्यापनात अपकेंद्रण यंत्राची माहिती विस्ताराने दिली जाते. मात्र ज्या द्रावणावर विलगीकरणाचे यश अवलंबून असते, त्याची तयारी दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात या तयारीचा विचार केला आहे.

तत्त्व :
नळीत तळाशी अधिक व वर कमी घनता असलेले द्रावण ठेवून अपकेंद्रण केल्यास प्रत्येक अंगक स्वतःच्या घनतेशी जुळणाऱ्या थरापाशी स्थिरावते. सुक्रोजमध्ये तंतुकणिकांची घनता सुमारे 1.19, तर पेरॉक्सिसोमची सुमारे 1.23 ग्रॅम प्रति मिलीलिटर असते. लयकारिकांची घनता या दोहोंच्या दरम्यान असल्याने त्या सहज वेगळ्या होत नाहीत. यावर उपाय म्हणून उंदरांना ट्रायटन डब्ल्यूआर-1339 हे द्रव्य टोचण्यात आले. ते लयकारिकांत साठते आणि त्यांची घनता घटते.

टक्केवारीतील संदिग्धता :
'40 टक्के सुक्रोज' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ संभवतात. वजनास वजन या पद्धतीने 40 ग्रॅम सुक्रोज 60 ग्रॅम पाण्यात विरघळविले जाते. 20 अंश सेल्सिअसला या द्रावणाची घनता 1.176 असते. आकारमानास वजन या पद्धतीने 40 ग्रॅम सुक्रोज घेऊन एकूण आकारमान 100 मिलीलिटर केले जाते; तेव्हा घनता सुमारे 1.15 भरते. वजनास वजन पद्धतीचे 100 मिलीलिटर द्रावण हवे असल्यास 47.06 ग्रॅम सुक्रोज व 70.58 ग्रॅम पाणी लागते.

हा फरक केवळ तांत्रिक नाही. वजनास वजन 30, 40 व 50 टक्क्यांच्या थरांची घनता अनुक्रमे 1.127, 1.176 व 1.230 असते; म्हणून तंतुकणिका 40 व 50 टक्क्यांच्या सीमेवर जमतात. त्याच आकड्यांची द्रावणे दुसऱ्या पद्धतीने केल्यास 50 टक्क्यांच्या थराची घनता 1.19 च्या किंचित खालीच राहते. परिणामी तंतुकणिका त्या थरात शिरून खाली सरकू शकतात आणि विद्यार्थी सीमेवरचा भलताच पट्टा तंतुकणिकांचा म्हणून नोंदवितो. म्हणून बाटलीवरील चिठ्ठीत पद्धतीचा उल्लेख अनिवार्य मानावा.

थर रचणे :
सर्वांत जड द्रावण प्रथम तळाशी घालून त्यावर क्रमाने हलकी द्रावणे नळीच्या कडेने सावकाश सोडावीत. असे थर थंड जागी रात्रभर ठेवल्यास विसरणामुळे सीमा पुसट होतात व प्रवणता सलग होऊ लागते. तीव्र सीमा हव्या असल्यास थर ऐनवेळी रचावेत. 20 अंशांना 40 टक्के द्रावणाची श्यानता पाण्याच्या सहापट, तर 60 टक्क्यांची पन्नासपटीहून अधिक असते. म्हणून जड द्रावण पिपेटने घाईने मोजल्यास माप चुकते.

पडताळणी :
साखर कारखान्यांत आणि द्राक्षबागांत वापरला जाणारा ब्रिक्स अपवर्तनांकमापक येथे उपयुक्त ठरतो; कारण शुद्ध सुक्रोज द्रावणाचा ब्रिक्स अंश म्हणजेच वजनास वजन टक्केवारी होय. उपकरणाची मर्यादा 32 अंशांपर्यंतच असल्यास नमुन्यात तितक्याच वजनाचे पाणी मिसळून येणारे वाचन दुप्पट करावे. बफरमुळे वाचन किंचित वाढते, म्हणून केवळ बफरचे वाचन वजा करावे. चिंचणीसारख्या उष्ण व दमट किनारपट्टीवर तापमानाची दुरुस्ती विसरू नये. तसेच सुक्रोज द्रावणात बुरशी लवकर धरत असल्याने ते गाळून 4 अंशांना साठवावे.

पर्यायी माध्यम :
तीव्र सुक्रोजमुळे परासरणाने अंगकांतील पाणी बाहेर पडते. 1.13 घनतेच्या पर्कोल या सिलिका-कणयुक्त माध्यमात ही अडचण कमी असते. त्याचे नऊ भाग व 2.5 मोलर सुक्रोजचा एक भाग मिसळल्यास समपरासारी साठा तयार होतो. त्यापासून 40 व 80 टक्क्यांचे थर रचल्यास पालकाची अखंड हरितलवके सीमेवर, तर फुटलेली वरच्या भागात राहतात. यासाठी अतिवेगी यंत्राची गरज नसल्याने हा प्रयोग सामान्य महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येतो.

समारोप :
विलगीकरणातील अपयशाचे खापर बहुधा यंत्रावर फोडले जाते. प्रत्यक्षात तोलून केलेले द्रावण, स्पष्ट चिठ्ठी आणि अपवर्तनांकाची नोंद या तीन बाबींनी निष्कर्षांची विश्वासार्हता मोठ्या प्रमाणात वाढते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत या तिन्हींना स्थान देणे उचित ठरेल.