पैनगंगेच्या वाटेवर : पायी निघालेले मजूर आणि महामार्गावरील मदत (२०२०–२०२१)

तेलंगणातील आदिलाबाद शहराला लागून असलेले मावला हे गाव श्रीनगर–कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वसले असून, येथून उत्तरेकडे पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा लागतो. नदीच्या दोन्ही अंगांना मराठी बोलली जाते, बाजारहाट आणि सोयरिकी पलीकडेही होतात, त्यामुळे एरवी ही राज्यसीमा फारशी जाणवत नाही. २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी आली, तेव्हा मात्र ती नाकाबंदीची रेषा झाली.

हैदराबाद परिसरातील बांधकामे आणि कारखाने थांबताच रोजंदारी बुडाली. तेलंगणा सरकारने प्रत्येक स्थलांतरित मजुराला १२ किलो तांदूळ आणि ५०० रुपये देण्याचे जाहीर केले, तरी खोलीभाडे आणि घरची ओढ यांवर त्यात उत्तर नव्हते. परिणामी बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, मध्य प्रदेशचे मजूर कामारेड्डी, निर्मल, आदिलाबाद या वाटेने, सुमारे ५०० किलोमीटरवरील नागपूरच्या दिशेने चालू लागले.

या महामार्गावर ठिकठिकाणी स्थानिक रहिवासी आणि स्वयंसेवक अन्नपाणी घेऊन उभे राहिले. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाण्याबरोबर घामावाटे गेलेले क्षारही भरून काढावे लागतात, म्हणून अशा मदतीत जलसंजीवनीला, म्हणजे मीठ-साखरेच्या ठरावीक मिश्रणाला, मोठे मोल असते. शिजवलेला भात जागेवर खायचा, तर केळी आणि बिस्किटे पुढच्या टप्प्यासाठी बांधून घ्यायची. आणि डांबरावर स्लिपर झिजून तळव्यांना फोड आलेल्या माणसाला चपलांचा जोड जेवणाइतकाच निकडीचा असतो.

वाटसरूंना अशी मदत इतरत्रही होते. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी सीमेवर २००० साली स्थापन झालेली ‘ह्युमेन बॉर्डर्स’ ही संस्था पाण्याची पिंपे ठेवत आली आहे, तर ‘नो मोअर डेथ्स’ या संस्थेचे स्वयंसेवक स्कॉट वॉरन यांना स्थलांतरितांना आसरा दिल्याच्या आरोपावरून खटल्याला सामोरे जावे लागले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ते निर्दोष सुटले. तेथील वाटसरू परदेशात शिरत असतो. पैनगंगेकडे निघालेला मजूर मात्र स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच घरी चालला होता, आणि तरीही त्याला रस्त्यावरच्या दयेवर विसंबावे लागले.

१ मे रोजी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाकडे पहिली श्रमिक रेल्वे सुटली, तरी पायपीट थांबली नाही. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर विसावलेले १६ मजूर मालगाडीखाली ठार झाले. सर्वोच्च न्यायालयाने मे अखेरीस मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. ठेकेदारांमार्फत परराज्यात नेलेल्या कामगारांची नोंद आणि प्रवासभत्ता बंधनकारक करणारा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा १९७९ पासून अस्तित्वात होता. तरीही सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने संसदेत सांगितले की, टाळेबंदीतील स्थलांतरितांच्या मृत्यूंची आकडेवारी उपलब्ध नाही.

पुढे २९ जून २०२१ रोजी न्यायालयाने ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही योजना, म्हणजे कोणत्याही राज्यात आपल्या हक्काचे धान्य उचलण्याची सोय, ३१ जुलैपर्यंत सर्व राज्यांत लागू करण्यास सांगितले, आणि ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ‘ई-श्रम’ पोर्टल सुरू झाले. वाटेवरच्या मदतीने जीव तगले, आणि तिचे मोल त्यामुळे कधीच कमी होत नाही. परंतु हक्काचे धान्य, मजुरी आणि प्रवासाची सोय कामाच्या गावीच मिळाली असती, तर त्या उन्हात कोणालाच चालत निघावे लागले नसते, आणि या काळाचा खरा धडा हाच आहे.