अंधारातही आरएनए तयार असतो

उन्हात हरितलवकातले डी-१ हे प्रथिन सतत मोडते आणि तितक्याच वेगाने नवे घडवावे लागते. ही निर्मिती वाढवण्यासाठी उजेड त्याच्या जनुकाच्या जास्त आरएनए नकला काढतो का? क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालात तसे दिसत नाही. तिथे अंधारातही आरएनए मुबलक असतो. बदलते ते त्याचे वाचन, म्हणजे त्यावरून प्रथिन घडवणे. डॅनॉन आणि मेफिल्ड या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवले, की या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला काही प्रथिने उजेडात जास्त चिकटतात. प्रकाशसंश्लेषणातले इलेक्ट्रॉन थायोरेडॉक्सिन या छोट्या प्रथिनामार्फत या चिकटणाऱ्या प्रथिनांतले गंधकाचे बंध उघडतात आणि मग वाचन वेग घेते. उजेडात ऊर्जाच जास्त, म्हणून काम वाढते, असे कोणी म्हणेल. ऊर्जा लागतेच, पण परीक्षानळीत ऑक्सिडीकरण झाले की प्रथिन आरएनए सोडते आणि क्षपण होताच पुन्हा धरते, याचा उलगडा ऊर्जेने होत नाही.

शैवालावरून पिकांचे अनुमान काढू नये, हा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. मक्यात वेगळी प्रथिने गुंतलेली आहेत, आणि डी-१ची मोडतोड हाच वाचन वाढवण्याचा इशारा असावा असे पुरावे सांगतात. तरी नियंत्रणाची जागा तीच: अंधारातले रोप उजेडात आणले, की काही मिनिटांत त्या आरएनएवर तो वाचणाऱ्या रायबोसोमची गर्दी होते, आरएनए मात्र तेवढाच राहतो.