सायकलचे हँडल का डुगडुगते?

घरातील जुनी सायकल अंगणात उभी करा. एका हाताने पुढचा ब्रेक घट्ट दाबा. दुसऱ्या हाताचे बोट, चाकाला धरणारा चिमटा सांगाड्याच्या उभ्या नळीला जेथे भिडतो, त्या फटीवर ठेवा. आता सायकल जागच्या जागी पुढे-मागे हलवा. बोटाला ‘खट् खट्’ असा धक्का लागतो का? लागत असेल, तर हँडलची बैठक सैल झाली आहे. (धक्का फक्त ब्रेकच्या सळयांत जाणवला, तर दोष ब्रेकचा.)

ही बैठक असते तरी कशी? चिमट्याच्या डोक्यावर एक नळी असते. ती सांगाड्याच्या उभ्या नळीतून वर येते. या उभ्या नळीच्या दोन्ही तोंडांशी पोलादी वाट्यांची एकेक जोडी असते आणि प्रत्येक जोडीत छर्रे. छर्रे घरंगळतात म्हणून घर्षण कमी होते. सायकलमध्ये छर्रे वापरण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी १८६९ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच वर्षी झालेली पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर यांनी छर्रे बसवलेल्या सायकलवर जिंकली.

मग बिघडते कोठे? दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. छर्रा वाटीला जेथे टेकतो ती जागा टाचणीच्या टोकाएवढी. त्यामुळे तेथील दाब प्रचंड असतो. चाक खड्ड्यात आदळले की खालच्या छऱ्यांना ठोका बसतो. बैठक सैल असेल तर प्रत्येक ठोका हातोडीसारखा पडतो. पॅडलच्या आसातील छर्रे सतत फिरत राहतात, त्यांचे ग्रीस सगळीकडे पसरते. हँडल मात्र बहुतेक वेळ सरळच असते. छर्रे त्याच जागी किंचित थरथरतात, ग्रीस बाजूला सरते, आणि पोलादाला पोलाद घासून वाटीत खळगे पडतात. मग हँडल सरळ रेषेत येताच जणू खाचेत अडकते.

“सैल नको ना? मग आवळून टाकू!” असे म्हणू नका. सायकलस्वार आपला तोल हँडल क्षणोक्षणी अगदी थोडे डावी-उजवीकडे वळवून सांभाळत असतो. सायकल ज्या बाजूला कलते, त्या बाजूला तिचे पुढचे चाक आपोआपही वळू पाहते. २०११ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मुद्दाम बनवलेल्या सायकलवर प्रयोग केला. त्या सायकलमध्ये चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम जवळजवळ शून्य केला होता. तरीही ती स्वाराविना स्वतःला सावरत धावली! कललेल्या बाजूला वळणे तिला जमत होते. बैठक फार आवळली, तर हे सूक्ष्म वळणेच अडते आणि सायकल झोकांड्या खाऊ लागते.

म्हणून मधला मार्ग शोधायचा. वरची वाटी चिमट्याच्या आट्यांवर फिरते. तिच्यावर बहुधा दिव्याचा पत्रा आणि सर्वांत वर चेकनट असते. पान्याने चेकनट सैल करा आणि वाटी थोडी आवळा. ‘थोडी’ म्हणजे किती? बऱ्याच चिमट्यांवर इंचाला २४ आटे असतात. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात वाटी सुमारे १.०६ मिलिमीटर खाली जाते, आणि फेऱ्याच्या आठव्या भागात फक्त ०.१३ मिलिमीटर. पुष्कळदा तेवढे पुरते. मग वाटी एका पान्याने धरून दुसऱ्याने चेकनट आवळा. आवळताना चेकनट वाटीला जरा खाली ढकलते, म्हणून वाटी आधी किंचित सैलच ठेवावी. आता पुढचे चाक उचला. बोटाच्या हलक्या स्पर्शाने हँडल दोन्हीकडे सहज वळले पाहिजे, आणि ‘खट् खट्’ थांबली पाहिजे.

खळगे पडले असतील, तर कितीही आवळून उपयोग नाही. एका जागी अडकते, दुसऱ्या जागी डुगडुगते! अशा वेळी वाट्या व छर्रे बदलावे लागतात. हे काम सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे बसून पाहा. नवे छर्रे जुन्यांच्याच मापाचे हवेत. ते कडीत बसवलेले असोत वा सुटे, भरपूर ग्रीसमध्ये बसवावेत.

आता दुसरी, अधिक धोक्याची सैलता. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल वळवून पाहा. चाक स्थिर राहून हँडल एकटेच वळले, तर दोष छऱ्यांचा नाही. हँडलचा दांडा चिमट्याच्या नळीत एका लांब बोल्टने आणि पाचरीने घट्ट बसलेला असतो. ती पाचर सुटली आहे. अशी सायकल रस्त्यावर नेऊच नका, कारण वळणावर हात एकीकडे आणि चाक दुसरीकडे जाईल. बोल्ट आवळा, आणि दांडा किमान अडीच इंच नळीत आहे याची खात्री करा.

शिक्षकांनी शाळेच्या सायकलतळावर एका तासात ही तिन्ही निरीक्षणे मुलांकडून करून घ्यावीत. किती सायकली सैल निघाल्या, किती आवळलेल्या, किती खळग्यांच्या, याचा तक्ता फळ्यावर मांडा. मात्र पाचर सुटलेली सायकल सापडली, तर ती त्या दिवशी हातात धरूनच घरी न्यायची!