आमवात: सांध्यांच्या पलीकडचं दुखणं

आमवात म्हटलं की सुजलेली, वाकडी झालेली बोटं डोळ्यांसमोर येतात. पण विद्यार्थी मित्रांनो, या आजारात स्नायू झिजतात, तोल जातो आणि कधी कधी न पडताही पाठीचा मणका मोडतो, हे फारसं कुणी सांगत नाही. डहाणू-तलासरीत तर हे माहीत असायलाच हवं. आवणी, कापणी, लाकडाची मोळी, पाण्याचा हंडा. आपल्याकडची बहुतेक कामं वाकून नाहीतर डोक्यावर ओझं घेऊन होतात.

आधी एक फरक. उतारवयात गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजतात, सकाळी तासभर किंवा जास्त वेळ आखडलेले राहतात. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन ते तीन पट जास्त आढळतो, तोही अनेकदा ऐन कामाच्या वयात.

ही सूज सांध्यापुरती थांबत नाही. तिथे तयार होणारी रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात आणि स्नायूंतली प्रथिनं बनण्यापेक्षा मोडण्याचा वेग वाढवतात. त्यात दुखतंय म्हणून हालचाल कमी, म्हणजे आणखी झीज. गंमत अशी की वजन बरेचदा तेवढंच राहतं, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. "अंगानं तर बरी दिसते, मग काम का होत नाही?" असं घरचे विचारतात ते यामुळेच. सोपी परीक्षा आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी झाली असण्याची शक्यता आहे. परीक्षा घेताना शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

तोल सांभाळणं हे नुसतं कानाचं काम नाही. पाऊल कुठे टेकलंय हे घोटा मेंदूला कळवतो आणि घसरलो की मांडी सावरते. आमवातात घोटा सुजलेला, पावलाची बोटं वाकडी, मांडी दुबळी. मग पावसाळ्यात शेताच्या निसरड्या बांधावर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आता मणका. हाड सतत मोडत आणि नव्याने बनत असतं. आमवाताची सूज हाड मोडणाऱ्या पेशींना जोर देते. मणक्याचा पुढचा भाग आतून जाळीदार असतो. जाळी विरळ झाली की वाकून ओझं उचलताना तो पुढून चेपतो. छाती आणि कंबर जिथे जुळतात तिथे हे जास्त घडतं. असे सुमारे दोन तृतीयांश अस्थिभंग वेळेवर ओळखलेच जात नाहीत. "पाठ भरलीय" म्हणून तेल चोळलं जातं. उंची कमी होणं, पाठीला बाक येणं या त्याच्या खुणा. एक मणका चेपला की दुसरा चेपण्याचा धोकाही वाढतो.

यात स्टेरॉइडचा हात मोठा. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं, १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. आराम झटपट मिळतो हे खरंच. पण दीर्घकाळ घेतल्यास हाड आणि स्नायू दोन्ही खंगतात, आणि हाडाची झीज पहिल्या काही महिन्यांतच वेगाने होते. बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड असू शकतं. मात्र चालू असलेलं स्टेरॉइड एकदम बंद करू नका, तेही जिवावर बेतू शकतं. मेथोट्रेक्सेटचंही तसंच. आमवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही.

मूळ सूज लवकर आटोक्यात आणणं हा खरा उपाय. त्याच्या जोडीला डॉक्टरांना विचारून व्यायाम: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला धरून टाचा उचलणं. खाण्यात नाचणी ठेवा. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. काट्यासकट खाता येणारी लहान सुकी मासळीही चांगली, फक्त मीठ धुऊन घ्या. भरलेल्या हंड्याऐवजी अर्धी कळशी, दोन खेपा.

अचानक पाठीत कळ आली तर तलासरीच्या ग्रामीण किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, आणि आमवात आहे, स्टेरॉइड चालू आहे हे आवर्जून सांगा. पाय लुळे पडले, बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, त्याच घटकेला निघा. १०८ ला फोन करा. मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका.